पन्नास अळ्या, दोन ट्रे

पत्र

सर, मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एम.एस्सी. प्राणिशास्त्राला शिकवते. बायोस्टॅटचा, म्हणजे जीवशास्त्रातल्या संख्याशास्त्राचा, पेपर गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. का, तर दुसरं कुणी घेत नाही. माझं स्वतःचं गणित बारावीला सुटलं. वर्गात २८ मुलं आहेत. मीन, मीडियन, एसडी, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, अनोव्हा, सगळं फळ्यावर सोडवून दाखवते. परीक्षेत मार्क बरे पडतात. पण प्रोजेक्टची वेळ आली की तीच मुलं वही घेऊन दारात उभी: "मॅडम, मी कोणती टेस्ट लावू?"

आत्ताचंच बघा. एका मुलीने डासांच्या अळ्यांवर प्रोजेक्ट केलंय. दोन ट्रे, प्रत्येकी २५ अळ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात कडुलिंबाच्या पानांचा सौम्य अर्क. अळीचा कोष व्हायला किती दिवस लागतात, एवढंच बघायचं. दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची टी-टेस्ट लावली तर पी, म्हणजे अर्काचा परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता, आली ०.०६. ती ०.०५च्या खाली हवी होती. तिचे गाइड म्हणाले, "दोन रीडिंग विचित्र दिसतायत, ती काढ, येईल बरोबर." ती माझ्याकडे आली. मला काय सांगावं कळेना. ते गाइड सर वयाने आणि मानाने मोठे आहेत.

शिवाय पुढच्या सत्रापासून हा विषय माझ्या पद्धतीने शिकवायची मोकळीक मिळाली आहे. सुरुवात कुठून करू? एक्सेल शिकवू की आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर? पुस्तक कोणतं लावू?

— बायोस्टॅटवाल्या मॅडम, ऐरोली

उत्तर

मॅडम,

ती दोन रीडिंग काढायची की ठेवायची ते जरा बाजूला ठेवू. आधी मला सांगा, या प्रयोगात 'एक' म्हणजे काय?

तुमची विद्यार्थिनी म्हणेल, एक अळी. म्हणून तिने २५ आणि २५ असा एन (नमुन्यांची संख्या) धरला आणि संगणकानेही मुकाट्याने ४८ डिग्रीज ऑफ फ्रीडम (एकूण नमुने वजा दोन) मोजून उत्तर दिलं. पण अर्क दिलाय तो ट्रेला. त्या ट्रेतल्या २५ अळ्या एकाच पाण्यात राहतात, एकाच चिमूटभर खाण्यावर वाढतात. त्यातल्या चार मेल्या तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं आणि त्या भराभर वाढतात. एक ट्रे खिडकीपाशी असेल आणि दुसरा कपाटाजवळ, तर ऊब लागायची ती पंचवीसच्या पंचवीस अळ्यांना लागते. कोर्टात एकाच घरातले २५ जण उभे राहून तेच सांगायला लागले तर न्यायाधीश त्याला २५ साक्षी म्हणेल का? इथे कडुलिंबाचा एक ट्रे आहे आणि साध्या पाण्याचा एक ट्रे आहे. एन एक आणि एक. त्यावर टेस्ट लागतच नाही. पी ०.०६ आली काय किंवा ०.००६ आली काय, ती अर्काबद्दल काहीच बोलत नाही. फार तर ती या दोन ट्रेंबद्दल बोलते.

या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं भारदस्त नाव आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८४ साली एक मोठा लेख लिहून छापून आलेले कितीतरी प्रयोग याच खड्ड्यात पडलेले दाखवले होते. म्हणजे तुमची मुलगी एकटी नाही, चांगल्या चांगल्यांच्या पंगतीत आहे. आणि खरं सांगू का, चूक तिची कमी आणि आपली जास्त. आपण तिला टी-टेस्ट शिकवली, पण टी-टेस्टमध्ये घालायचा आकडा कशाचा, हे कधी विचारलंच नाही.

मीही तसाच शिकवायचो. ठाण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं माझा फळा बघण्यासारखा असे. सिग्मा, वर्गमूळ, खाली एन वजा एक, रंगीत खडूने चौकटी. मुलं दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत एसडी, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, काढायची. एकदा सहज विचारलं, "ही एसडी कशाची?" एक मुलगी म्हणाली, "सर, एक्सची." एक्स काय होता ते वर्गात कुणालाच आठवेना. मलाही आठवेना, कारण आकडे पुस्तकातून उचललेले होते. त्या दिवशी मला माझ्याच शिकवण्याची लाज वाटली.

म्हणून तुमच्या 'सुरुवात कुठून करू' याला माझं उत्तर: पहिले तीन आठवडे फळ्यावर एकही सूत्र लिहू नका. मुलांना बदामाच्या झाडाखाली घेऊन जा. नवी मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या आवारात नाहीतर समोरच्या रस्त्यावर बदाम असतोच. (मोह झाला तरी खाडीकडच्या तिवरांना हात लावू नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही.) खाली पडलेली पानं वेचायची, पट्टीने लांबी मोजायची, वहीत लिहायची. इतकंच.

यात काय आहे असं वाटेल. पण पंधरा मिनिटांत भांडणं सुरू होतात. देठ धरायचा का? पान वाकलेलं असेल तर कडेने मोजायचं की सरळ? टोक किड्याने खाल्लंय, मग हे पान घ्यायचं की टाकायचं? उत्तर देऊ नका, वर्गालाच ठरवू द्या आणि ठरलेलं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. मग एकच पान पाच जणांकडून, एकमेकांचं न बघता, मोजून घ्या. पाच जणांचे पाच आकडे येतील. मोजण्यातली चूक म्हणजे काय हे त्यांना आता जन्मभर सांगावं लागणार नाही. त्यानंतर विचारा, "तुम्ही कोणती पानं उचललीत?" कुणी सांगितलेलं नसताना प्रत्येकाने अख्खी, मोठी, लालबुंद पानं उचललेली असतात. माझ्या वर्गात दरवर्षी हेच झालं. 'बायस' हा शब्द मी यानंतरच फळ्यावर लिहायचो.

आपल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस पुढे जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत गेला, पण त्याआधी देशात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज कसा काढायचा, या कामात होता. शेतात छोटासा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून एकरी उत्पन्न सांगायचं. सुखात्म्यांना दिसलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कारण साधं आहे. रेषेवरचं रोप आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मोठ्या तुकड्याला कडेची रोपं प्रमाणात कमी, म्हणून फुगवटाही कमी. यावरून संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी त्यांचा मोठा वाद झाला. देशाच्या धान्याचा हिशेब एका रोपाच्या आत-बाहेर असण्यावर हलत होता! तुमच्या मुलांनी देठावरून घातलेलं भांडण त्याच जातीचं आहे, हे त्यांना जरूर सांगा.

आता पानांतला 'एक'. तीन झाडं घ्या, प्रत्येकाखालून दहा पानं. विचारा, "एन किती?" वर्ग एका सुरात म्हणेल, तीस. मग विचारा, आवारातल्या बदामांबद्दल बोलायचं असेल तर किती झाडं बघितलीत? इथे दोन मिनिटं शांतता होते. ती होऊ द्या, मधे बोलू नका. ज्या मुलीला हे झाडाखाली कळलं, ती ट्रेच्या बाबतीत फसणार नाही.

दुसरा खेळ तुमच्या दाराशीच आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झालेला भाग २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तुमच्या ऐरोलीतून तर तो हाकेच्या अंतरावर. एका मोठ्या थव्याचा फोटो वर्गात दाखवा आणि अर्ध्या मिनिटात प्रत्येकाला अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगा. चिठ्ठ्या उघडल्या की हसू फुटेल, इतका फरक असतो. नंतर फोटोवर चौकटी आखा, एक चौकट मोजून गुणाकार करा. पण चौकट कोणती? दाटीची घेतली तर आकडा आभाळाला, विरळ घेतली तर पाताळाला. म्हणून चौकट चिठ्ठी टाकून निवडायची. रँडम सँपलिंग यापेक्षा सोपं करून मला कधी सांगता आलं नाही. वर आणखी एक गुगली टाका. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलावर पसरतात आणि भरतीला नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. सकाळी तुम्ही इथे मोजले, दुपारी मैत्रिणीने तिथे मोजले, बेरीज केली. पक्षी किती?

चौथ्या आठवड्यात चहा. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर काम करत होते. तिथे शैवालांवर संशोधन करणाऱ्या म्युरियल ब्रिस्टल नावाच्या बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातलंय की चहा आधी, हे मी चवीवरून सांगते. फिशरनी पुढे या प्रसंगावरून जो प्रयोग मांडला त्यात आठ कप होते, चार असे आणि चार तसे, क्रम कसाही. आठातून चार निवडायचे ७० प्रकार होतात. नुसत्या नशिबाने चारही बरोबर यायची शक्यता सत्तरात एक, म्हणजे सुमारे ०.०१४. झाली तुमची पी-व्हॅल्यू. ना टी, ना टेबल.

आपला चहा दुधासकट उकळतो, त्यामुळे हा प्रयोग आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. मी दोन टपऱ्यांचा चहा आणवायचो. एक कॉलेजच्या फाटकाशी, दुसरी स्टेशनाजवळ. एका वर्षी एका मुलाने छातीठोकपणे सांगितलं, स्टेशनचा चहा मी डोळे मिटून ओळखतो. आठातले स्टेशनचे चार कप निवडायचे होते, त्याने तीन बरोबर निवडले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग आम्ही मोजायला बसलो. नेमके तीन बरोबर यायचे १६ प्रकार, चारही बरोबर यायचा एक. सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चारात एकदा हे कुणालाही जमेल. टाळ्या परत घेतल्या गेल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, स्टेशनचा चहा लांबून आणला ना, तो गार झाला होता." म्हणजे चारही ओळखले असते तरी त्याने चव ओळखली की गारवा, हे सांगता आलं नसतं! त्या मुलीला मी त्या दिवशी अंतर्गत परीक्षेचे पैकीच्या पैकी मार्क दिले असते, नियमात बसत नव्हतं म्हणून राहिलं. कन्फाउंडिंगवर, म्हणजे दोन कारणं अशी एकमेकांत मिसळण्यावर, मी नंतर वेगळा तास कधीच घेतला नाही.

तुम्ही लिहिलंय, माझं गणित बारावीला सुटलं. मला यात अडचण दिसत नाही. टी-टेस्ट ज्याच्या कामातून आली तो विल्यम गॉसेट गिनेस कंपनीत बिअर गाळायच्या कामावर होता. जवाचे थोडेच नमुने हातात, तेवढ्यावरून निर्णय घ्यायचा, ही त्याची रोजची कटकट. १९०८ साली त्याने लेख छापला तोही 'स्टुडंट' या टोपणनावाने, कारण कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नसे. फिशर स्वतः आनुवंशशास्त्रात मुरलेले. जव, गहू, बटाटे, खत: या विषयाचं माहेर जीवशास्त्र आहे, गणिताकडे तो नंतर नांदायला गेला. मुलांना हे कळलं की सिग्माची भीती बरीच उतरते. आणि गणिताच्या सहकाऱ्याला दोन तास बोलवाच, पण सूत्राची सिद्धता त्यांच्याकडे द्या, प्रयोगाची आखणी तुमच्याकडे ठेवा. एक अळी म्हणजे एक एन का नाही, हे गणिताच्या माणसाला आपोआप कळेलच असं नाही. त्याने अळ्या पाळलेल्या नसतात.

एक्सेल की आर? दोन्ही, पण कामं वाटून. आकडे भरायला एक्सेल. तिथे एकच नियम: एक ओळ म्हणजे एक 'एक', एका रकान्यात एकच गोष्ट. रंग देऊन खुणा करायच्या नाहीत, 'साधारण १२' असं लिहायचं नाही, मूळ फाइलीला पुन्हा हात लावायचा नाही. एक्सेलच्या आगाऊपणाचीही ओळख करून द्या. सेप्ट२, मार्च१ अशा नावांची जनुकं त्यात भरली की ते त्यांच्या तारखा करून टाकतं. २०१६ साली एका पाहणीत दिसलं की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचात एकाच्या यादीत असे घोटाळे होते. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली. सॉफ्टवेअर तेव्हा बदललं नाही, माणसाच्या जनुकाला नाव बदलून घ्यावं लागलं!

आर फुकट आहे, न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये दोन प्राध्यापकांनी शिकवण्याच्या गरजेतूनच सुरू केलेलं आहे. पण पहिल्या तासाला ते उघडू नका. लॅबमधले निम्मे संगणक बंद असतात, उरलेल्यांवर इन्स्टॉल करण्यात आठवडा जातो आणि मुलांच्या लक्षात राहतो तो फक्त लाल अक्षरांतला एरर. ब्राउझरमधून कोलॅब या गुगलच्या ऑनलाइन सेवेवर आर चालतं, तिथून सुरू करा. पहिलं काम टेस्टचं देऊ नका, चित्राचं द्या. बदामाच्या पानांचे ठिपके काढायचे, झाडागणिक वेगळ्या रंगात. फ्रान्सिस अँस्कोंब यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार छोटे संच करून ठेवलेत. चौघांची सरासरी तीच, सहसंबंध तोच ०.८१६. ठिपके मांडले की एक सरळ रेघ, एक कमान, आणि बाकी दोघांत एकेक आडमुठा ठिपका सगळं ओढून नेतोय. तो तास घ्या. त्यानंतर 'आधी चित्र, मग टेस्ट' असं बजावावं लागत नाही.

पुस्तक लायब्ररीत आहे तेच चालेल. फक्त त्यातली उदाहरणं सोडून द्या आणि वर्गाचे स्वतःचे आकडे वापरा. आणि परीक्षेशी भांडू नका. विद्यापीठाच्या पेपरात सूत्रं येणारच, त्यासाठी शेवटचे दोन आठवडे राखून ठेवा. कॅल्क्युलेटरवर घासून घ्या, मार्क पडतील. अंतर्गत परीक्षा मात्र तुमच्या हातात आहे. तिथे एक प्रयोग चार ओळींत लिहून द्या आणि विचारा, यात एन किती आणि का. आकडेमोड शून्य. हुशार समजली जाणारी मुलं इथे अडखळतात आणि मागच्या बाकावरची उत्तर देतात, हा माझा अनुभव.

आता तुमच्या ज्येष्ठ सरांकडे वळू. रीडिंग काढायला माझी ना नाही, पण कारण पी-व्हॅल्यू दिसायच्या आधीचं हवं. त्या दिवशीच्या वहीत 'ट्रेला धक्का लागला, अळी सांडली' असं लिहिलेलं असेल तर खुशाल काढा आणि काढलं म्हणून प्रबंधात लिहा. उत्तर बघून मग रीडिंग विचित्र ठरवायचं, याला आपल्याकडे सोयीने पंचांग बघणं म्हणतात. ०.०५ ही रेघ काही दगडावर कोरलेली नाही. ०.०६ आणि ०.०४ यांच्यात असा कुठला मोठा फरक आहे की त्यासाठी दोन अळ्या गायब कराव्यात?

पण हे सरांना या शब्दांत सांगू नका. आणि मुलीला मध्ये घालू नका, तिचे मार्क त्यांच्या हातात आहेत. तुम्ही स्वतः जा, दुपारच्या चहाच्या वेळी, एकट्या. रीडिंगचा विषयच काढू नका. ट्रेचा काढा. "सर, एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारलं की ट्रे एकेकच का, तर ती काय सांगेल?" एवढंच. एक्स्टर्नलचं नाव निघालं की आपल्याकडची ज्येष्ठ मंडळीही सावरून बसतात. यात सरांचा अपमान नाही, आणि एकदा ट्रेचा मुद्दा पटला की त्या दोन रीडिंगांचा प्रश्न आपोआप मिटतो. तरीही ते अडून बसले तर सगळी रीडिंग ठेवून, 'एकेकच ट्रे होता, हा केवळ प्राथमिक प्रयोग समजावा' असं स्पष्ट लिहायला लावा. आकडे गाळण्यापेक्षा हे वाक्य लिहिणं कधीही बरं.

सर राजी झाले तर प्रयोग पुन्हा होण्यासारखा आहे. सुदैवाने या अळ्या आहेत, हत्ती नव्हेत. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत कोष होतात. अर्धा किलो श्रीखंडाचे आठ रिकामे डबे जमवा, सगळे एकाच मापाचे. प्रत्येकात मोजून तेवढंच पाणी, तेवढंच खाणं, सहा अळ्या. चार डब्यांत अर्क, चारांत साधं पाणी, आणि कोणत्या डब्यात काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. टेबलावर कोणता डबा कुठे, तेही चिठ्ठीनेच, म्हणजे खिडकीची भानगड मिटली. मोजणाऱ्या मैत्रिणीला डब्यावर फक्त नंबर दिसू दे. शेवटी प्रत्येक डब्याचा एकच आकडा काढायचा, सहा अळ्यांच्या दिवसांची सरासरी. आठ डबे, आठ आकडे, एन चार आणि चार. आठातून चार, म्हणजे पुन्हा तेच ७० प्रकार. ते सगळे वर्गाने मिळून कागदावर मांडावेत आणि प्रत्यक्षात दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक कितींमध्ये पडतो ते मोजावं. चार आकड्यांवरून ठाम काही निघेलच असं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. तोंडावर मच्छरदाणीचं कापड ताणून रबर लावायला विसरू नका आणि काम संपलं की उकळतं पाणी ओतूनच डबे रिकामे करा, नाहीतर तुमच्या डिपार्टमेंटमधून ऐरोलीला डेंग्यू जायचा.

आठ सक्कं अठ्ठेचाळीस. पन्नासातल्या दोन अळ्या उरतील. सरांना दोन काढायच्याच असतील तर या काढता येतील, चिठ्ठ्या टाकायच्या आधी.